न कुजणारी नाव : ओरुस्ट बेटावरील एका कारखान्याचा इतिहास

लांकडाची नाव ही एखाद्या सजीव वस्तूसारखी असते, आणि सजीवाचे सर्व भोग तिच्या वांट्यास येतात. पाण्यांत ती फुगते, उन्हांत आकसते, तिच्या सांध्यांतून पाणी झिरपतें. पावसाच्या ओलीनें तिचें लांकूड कुजतें आणि उष्ण समुद्रांत जलकीटक तिला पोखरून काढतात. म्हणून दरवर्षी तिला किनाऱ्यावर ओढावी लागते, खरवडावी लागते, फटी बुजवून तेल आणि रंग द्यावा लागतो. हा सारा खर्च मालकाच्या जिवावर येतो हें खरें. परंतु नाव बांधणाऱ्या सुताराचा संसार त्याच खर्चावर चालतो. जुनी नाव मोडीत निघते, म्हणूनच नवी नाव बांधावयास कोणी तरी येतो. विसाव्या शतकाच्या मध्यास असा एक पदार्थ पुढें आला कीं, ज्याची नाव कुजत नाही, जिला कीड लागत नाही आणि जिचे सांधे उकलत नाहीत, कारण तिला सांधेच नसतात. नावाड्याची चिंता त्यामुळें पुष्कळ कमी झाली. पण नाव बांधणाऱ्याचें काय झालें? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें झाल्यास स्वीडनमधील हालबर्ग-रासी या नौका-कारखान्याच्या इतिहासाइतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल.

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, गोथेनबर्ग बंदराच्या उत्तरेस, बोहुसलेन नांवाचा प्रांत आहे. ग्रॅनाइटचे उघडे खडक, त्यांच्यामधून आंत शिरलेल्या अरुंद खाड्या आणि लहानमोठीं असंख्य बेटें असें त्याचें रूप. त्या बेटांपैकीं ओरुस्ट हें सर्वांत मोठें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हेरिंग माशांच्या प्रचंड झुंडी या किनाऱ्यास लागत असत आणि त्यांवर येथील वस्ती भरभराटीस आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्या झुंडी येईनाशा झाल्या. परंतु समुद्रावर जगण्याची लोकांची रीत सुटली नाही. मासेमारी आणि तिच्याकरितां लागणाऱ्या नावा बांधणें हे धंदे बापाकडून मुलाकडे चालत राहिले. करवत, तासणी आणि रंधा ज्यांच्या अंगवळणीं पडला आहे असे कारागीर या बेटावर गांवोगांव मिळत, ही गोष्ट पुढील हकीकतींत वारंवार उपयोगी पडणारी आहे.

अशा गांवांपैकीं कुंग्सवीकेन या गांवीं हॅरी हालबर्ग नांवाचा मुलगा वयाच्या चौदाव्या वर्षी एका नौका-कारखान्यांत कामास लागला. इ. स. १९४३ मध्यें त्यांनीं स्वतःचा कारखाना काढला. यूरोपांत महायुद्ध पेटलें होतें; स्वीडन तटस्थ राहिला होता. याच सुमारास उत्तरेकडील देशांतील नौकाविहाराच्या मंडळींनीं सामान्य माणसास परवडेल अशा लहान शिडाच्या नौकेकरितां एक स्पर्धा जाहीर केली होती. आलेल्या आराखड्यांपैकीं एकही सर्वस्वीं पसंत पडला नाही. तेव्हां चांगल्यांतले चांगले गुण एकत्र करून तोर्ड सुन्देन यांनीं अंतिम आराखडा काढला आणि १९४२ मध्यें पहिली ‘फोल्कबोट’ पाण्यांत उतरली. फोल्कबोट म्हणजे लोकांची नौका. लांबी ७.६४ मीटर, फळ्या छपरावरील कौलांप्रमाणें एकीवर दुसरीची कड चढवून जोडलेल्या. नांवाप्रमाणेंच ती लोकप्रिय झाली. हालबर्ग यांनीं या नौका बांधल्या आणि त्यांतील पुष्कळशा अमेरिकेस पाठविल्या. एक गिऱ्हाईक आलें कीं एक नौका बांधावयास घ्यावी, ही जुनी रीत त्यांस मान्य नव्हती. एकाच नमुन्याच्या अनेक नौकांचें लांकूड एकदम घ्यावें, त्यांचे भाग एकदम कापावे, म्हणजे श्रम आणि नासाडी दोन्ही कमी होतात, हें त्यांनीं लवकर ओळखलें. लांकडांत काम करीत असतांनाच त्यांचें मन असें सांच्याच्या कामाकडे वळलेलें होतें.

आतां हा नवा पदार्थ कोणता, तें पाहूं. वितळलेल्या कांचेचे केंसाहूनही बारीक तंतु ओढतां येतात. अशा तंतूंचें व्यापारी उत्पादन अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत सुरू झालें. कांच ठिसूळ असते असा आपला अनुभव. पण तिचा तंतु जितका बारीक ओढावा तितका तो ताण सोसण्यास बळकट होतो. या तंतूंच्या चटया किंवा कापड करून त्यांत पॉलिएस्टर जातीची कृत्रिम राळ मुरविली, आणि राळ घट्ट होऊं दिली, तर दोहोंच्या संयोगानें एक अभेद्य असें कवच तयार होतें. ताण तंतु सोसतात. त्यांना जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम राळ करते. मातीच्या भिंतींत काड्या-कुडाची मिसळ करण्यामागें जें तत्त्व आहे तेंच हें. याला फायबरग्लास म्हणतात. १९४२ मध्यें अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत रे ग्रीन यांनीं या पदार्थाची एक लहान होडी बनविली. १९५९ मध्यें अमेरिकेच्याच पिअर्सन कारखान्यानें ‘ट्रायटन’ ही २८ फुटी नौका बाजारांत आणली आणि फायबरग्लासची नौका कुटुंबाच्या उपयोगाची होऊं शकते हें लोकांस पटलें. ट्रायटनचा आराखडा काढणारे कार्ल अल्बर्ग हे मूळचे गोथेनबर्गचे होते, हा एक लक्षांत घेण्याजोगा योग आहे.

फायबरग्लासची नौका करण्याची कृति लांकडी नौकेच्या अगदीं उलट आहे. सुतार प्रथम तळाचा कणा घालतो, त्यावर फासळ्या उभ्या करतो, त्यांवर फळ्या ठोकतो आणि सर्वांच्या शेवटीं रंग देतो. नव्या कृतींत प्रथम नौकेच्या आकाराचा एक भरीव नमुना लांकडाचा करावयाचा. तो घांसून आरशासारखा गुळगुळीत करावयाचा, कारण त्यावरील बारीकसा ओरखडाही पुढील प्रत्येक नौकेवर उमटणार. या नमुन्यावरून एक पोकळ सांचा घेतात. सांच्यास आंतून मेण चोळतात, म्हणजे नौका त्याला चिकटून बसत नाही. मग जेलकोट नांवाचा रंगीत राळेचा पातळ थर आंतून देतात. हाच पुढें नौकेचा चकचकीत बाह्य पृष्ठभाग होतो. म्हणजे रंग आधीं आणि नाव मागाहून! त्यावर कांचतंतूंच्या चटया एकावर एक अंथरून त्यांत राळ मुरवितात आणि लाटण्यासारख्या रूळांनीं दाबून हवेचे बुडबुडे बाहेर काढतात. जेथें जोर अधिक यावयाचा तेथें, म्हणजे तळाशीं आणि शिडाच्या दोरखंडांच्या बुडाशीं, थर अधिक देतात. राळेंत मिसळलेल्या द्रव्यामुळें ती आपोआप तापते आणि कठीण होते. कांहीं दिवसांनीं सांच्यांतून मोदक काढावा त्याप्रमाणें नौकेचें संपूर्ण कवच अखंड उचलून काढतां येतें आणि सांचा दुसऱ्या नौकेस मोकळा होतो.

हालबर्ग यांनीं या कृतीचा अंगीकार स्वीडनमध्यें अगदीं प्रारंभीं केला. ओल्ले एंडरलाइन यांच्या आराखड्यावरून त्यांनीं १९६३ च्या सुमारास ‘पी-२८’ ही नौका काढली. तिचें कवच फायबरग्लासचें होतें. पण वरचें बांधकाम मात्र मॅहॉगनी लांकडाचें होतें. अशी ही अर्धी नवी, अर्धी जुनी नौका म्हणजे नुसती तडजोड नव्हती. ज्या ठिकाणीं लांकूड कुजतें आणि गळतें त्या ठिकाणीं नवा पदार्थ घ्यावा, आणि जेथें माणसाचा हात लागतो, डोळा जातो आणि पाठ टेंकते तेथें सुताराचें कसब असूं द्यावें, असा विचार तींत दिसतो. बेटावरचे कारागीर त्यामुळें एका रात्रींत निरुपयोगी ठरले नाहींत. करवत त्यांच्या हातांतून गेली नाही. ती नौकेच्या बाहेरून आंत आली इतकेंच.

या हकीकतींतील दुसरे पुरुष क्रिस्टॉफ रासी हे जर्मनींतील बव्हेरियाचे. पर्वतांच्या पायथ्याशीं असलेल्या त्या प्रदेशांत समुद्र नाही. परंतु श्टार्नबर्गसारखीं मोठीं सरोवरें आहेत आणि तेथें ते नौका बांधण्याचा धंदा शिकले. स्वीडनच्या नौकांविषयीं त्यांना आकर्षण होतें. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ते ओरुस्टला आले, थोडे दिवस हालबर्ग यांच्याच कारखान्यांत राबले, आणि मग त्यांनीं आपला स्वतंत्र धंदा मांडला. इकडे हालबर्ग यांस जागा अपुरी पडूं लागली. त्यांनीं बेटाच्या पश्चिमेकडील एल्लोस या गांवीं नवा कारखाना बांधला. तेव्हां १९६५ मध्यें कुंग्सवीकेनची त्यांची जुनी जागा विकत घेतली ती या त्यांच्या एकेकाळच्या कामगारानेंच.

रासी यांची पहिली मोठी कामगिरी म्हणजे ‘रास्मुस ३५’. तिचाही आराखडा एंडरलाइन यांचाच. १९६७ ते १९७८ या काळांत या जातीच्या ७६० नौका निघाल्या. तिची कल्पना त्या काळच्या मानानें वेगळी होती. शर्यतीची नौका म्हटली कीं वेग हें सर्वस्व. सुकाणूवर बसणारा पावसांत भिजला आणि वाऱ्यानें गारठला तरी त्याची फिकीर कोणी करीत नसे. रास्मुसमध्यें सुकाणूची जागा नौकेच्या मध्यावर घेतली आणि तिच्यापुढें कांचेचें भक्कम तावदान कायमचें बसविलें. मागील बाजूस निजण्याची स्वतंत्र खोली आणि वारा पडला असतां नौका चालवील असें पुरेशा शक्तीचें इंजिन ठेवलें. उत्तर समुद्राचा थंड वारा सोसून कुटुंबासह प्रवास करणाऱ्यास या सोयींची किंमत सांगावी लागत नाही. तें तावदान पुढें या कारखान्याच्या नौकांची ओळखखूणच होऊन बसलें.

१९७२ मध्यें हालबर्ग यांनीं धंद्यांतून निवृत्त व्हावयाचें ठरविलें आणि रासी यांनीं एल्लोसचा कारखानाही विकत घेतला. विकत घेणारा सहसा जुन्या मालकाची पाटी उतरवितो. रासी यांनीं तसें केलें नाही. हालबर्ग हें नांव परदेशीं विश्वासाचें झालें होतें. तें तसेंच पुढें ठेवून त्याला आपलें नांव जोडलें. अशा रीतीनें हालबर्ग-रासी हें जोडनांव रूढ झालें. १९७४ मध्यें ‘मोन्सुन ३१’ ही सुमारें साडेनऊ मीटर लांबीची नौका निघाली. स्वीडिश भाषेंतील मोन्सुन म्हणजे मोसमी वारा. अरबी नाविकांचा ‘मौसिम’ हा शब्द आपल्याकडे मोसम होऊन राहिला आणि यूरोपीय भाषांतून फिरत फिरत बर्फाच्या देशांतील एका नौकेच्या कपाळीं येऊन बसला. १९८२ पर्यंत या जातीच्या ९०४ नौका बांधल्या गेल्या, आणि आकारानें लहान असूनही त्यांतील कित्येकींनीं महासागर ओलांडले.

हा काळ स्वीडनच्या सर्वच नौका-कारखानदारांच्या भरभराटीचा होता. मूळच्या इंजिनें करणाऱ्या आल्बिन कंपनीनें पेर ब्रोहेल यांच्या आराखड्यावरून ‘वेगा’ ही २७ फुटी नौका काढली; १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून १९७९ पर्यंत तिच्या सुमारें ३,४०० प्रती निघाल्या. ऑलिंपिक सामन्यांत पदकें मिळविणारे पेले पेटरसन यांची ‘मॅक्सी ७७’ ही तर त्याहूनही अधिक संख्येनें खपली. लांकडाच्या काळांत असले आंकडे स्वप्नांतही आले नसते. सांच्यानें नौका स्वस्त केली, आणि जी वस्तु पूर्वी धनिकांची होती ती शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या आटोक्यांत आणली.

परंतु याच भरभराटींत पुढील संकटाचें बीज होतें. लांकडी नौका वीस-पंचवीस वर्षांत हयगयीनें मरते. फायबरग्लासची नौका हयगय केली तरी सहसा मरत नाही. ज्यानें १९७० मध्यें नौका घेतली त्याला १९९० मध्यें दुसरी घेण्याचें कारण राहिलें नाही. आणि त्यानें ती विकली तर तिसऱ्याच माणसास स्वस्तांत जुनी नौका मिळून त्याचीही नव्या नौकेची गरज भागे. दरवर्षी सांच्यांतून निघणाऱ्या नव्या नौकांच्या जोडीला आधींच्या सर्व वर्षांच्या नौका बाजारांत उभ्याच राहिल्या. कारखान्याचा खरा प्रतिस्पर्धी शेजारचा कारखाना नव्हता; स्वतःचेंच जुनें काम त्याच्याशीं स्पर्धा करूं लागलें होतें. चांगलें काम करावें तितका हा प्रतिस्पर्धी अधिक बळकट, असा हा पेंच आहे.

नव्या पदार्थासही स्वतःचे रोग आहेत. जेलकोटच्या थरांतून पाणी अत्यंत मंद गतीनें आंत शिरतें. तेथें राळेंतील विद्राव्य द्रव्यें त्यांत विरघळतात. त्या दाट द्रवाकडे बाहेरचें पातळ पाणी ओढलें जातें आणि आंतील दाब वाढून नौकेच्या तळावर फोड उठतात. मनुका पाण्यांत टाकल्या असतां ज्या कारणानें फुगतात तेंच हें कारण. पहिल्या पिढीच्या पुष्कळ नौकांत १९७० नंतर हा विकार दिसून आला. पुढें अधिक चांगल्या राळा वापरून आणि तळास इपॉक्सीचा अडसर देऊन त्यावर बराचसा ताबा मिळविण्यांत आला. परंतु हा रोग नावेस क्वचितच बुडवितो. तो दुरुस्त होतो, आणि नाव पुन्हां बाजारांत येते. म्हणजे कारखानदाराचा मूळ प्रश्न जेथल्या तेथें राहातो.

हालबर्ग-रासी यांनीं या प्रश्नास जें उत्तर दिलें तें असें, कीं कवच टिकणारें सर्वांचेंच असतें, म्हणून फरक आंतील कामांत पडावा. नौकेच्या एकूण खर्चांत कवचाचा भाग मुळांत लहान असतो. खरे तास जातात ते कपाटें, बांके, जमीन, नळ, तारा आणि इंजिन बसविण्यांत. तेथें या कारखान्यानें काटकसर केली नाही. मॅहॉगनीचें सुतारकाम, वर सागाच्या पट्ट्यांचा डेक आणि कवचावरील निळी रेघ हीं त्यांच्या नौकांचीं लक्षणें झालीं. दुसरें म्हणजे त्यांनीं लहान आणि स्वस्त नौकांच्या शर्यतींत आपलें सर्वस्व पणास लावलें नाही. पहिली नौका कोठलीही असो, माणूस अनुभवी झाला आणि त्याला दूरचा प्रवास खुणावूं लागला म्हणजे तो ज्या दारीं येईल तें दार आपलें असावें, असें त्यांचें धोरण राहिलें. ‘३५२’ या नौकेच्या १९७८ ते १९९१ या काळांत ८०२ प्रती निघाल्या. आणि १९८८ नंतरच्या नव्या नौकांकरितां अर्जेंटिनाचे विख्यात आराखडाकार जर्मन फ्रेर्स यांस बोलाविण्यांत आलें. आकार अधिक वेगवान झाला. तावदान, रेघ आणि सुतारकाम मात्र राहिलें. यामुळें अपरिचित नौकाही परिचित घराण्यांतील वाटे, आणि जुनी नौका देऊन त्याच घराण्यांतील मोठी घेणाऱ्यांचा ओघ चालूं राहिला. जुनी नौका चांगल्या किंमतीस जाते हा तिच्या मालकास नवी घेण्याचा आधार झाला. म्हणजे जो प्रतिस्पर्धी वाटत होता त्यालाच त्यांनीं आपला जामीन करून घेतलें.

नशिबाचाही भाग होता. १९८२ च्या ऑक्टोबरांत स्वीडनच्या सरकारनें आपल्या चलनाचें मूल्य १६ टक्क्यांनीं उतरविलें. त्यामुळें परदेशीं माल विकणाऱ्या कारखान्यांस एकदम हात मिळाला. हालबर्ग-रासी यांच्या बहुतेक नौका परदेशींच जात, आणि जर्मनी हें त्यांचें मोठें गिऱ्हाईक होतें. परंतु अनुकूल वारा सर्वांनाच लाभतो. शीड ज्याचें धड असतें तोच पुढें जातो. २००८ च्या जागतिक मंदींत आणि तिच्या मागोमाग ओरुस्टवरील या धंद्यावर मोठी आपत्ति कोसळली. स्वीडन यॉट्स आणि नायाद यांसारख्या नांवाजलेल्या कारखान्यांवर दिवाळें काढण्याची पाळी आली. मंदीची झळ एल्लोसलाही लागली, पण तो कारखाना तगला. २००४ पासून त्याची धुरा क्रिस्टॉफ रासी यांचे पुत्र माग्नुस यांच्याकडे आली होती; धंदा घराण्याच्याच ताब्यांत राहिला होता.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राळेंतील स्टायरीनची वाफ कामगारांच्या डोक्यास आणि मज्जातंतूंस बाधक असते. म्हणून पुढें उघड्यावर राळ लावण्याऐवजीं सांच्यावर आच्छादन घालून हवा काढून घ्यावी आणि राळ आंत ओढूं द्यावी, अशा बंदिस्त पद्धति प्रचारांत आल्या. आणि न कुजणें हा जो गुण, तोच शेवटीं दोष होतो. लांकडी नाव मातींत मिळते. फायबरग्लास जाळणें कठीण, वितळविणें अशक्य, पुरावें तर जागा अडते. पहिल्या पिढीच्या हजारों निकामी नौकांची विल्हेवाट लावावी कशी, हा प्रश्न यूरोपांतील देशांपुढें उभा आहे.

कारखाना आणि त्याची वस्तु यांच्या आयुष्याचा मेळ राहिला नाही, हें एकाच उदाहरणानें स्पष्ट होईल. २०११ च्या जून महिन्यांत मॅट रदरफर्ड नांवाचा एक अमेरिकन तरुण आनापोलिस बंदरांतून एकटाच निघाला. उत्तरेकडील बर्फाच्या वाटेनें आणि दक्षिणेस हॉर्न भूशिराला वळसा घालून दोन्ही अमेरिका खंडांची प्रदक्षिणा त्यानें कोठेंही न थांबतां ३०९ दिवसांत पुरी केली आणि २०१२ च्या एप्रिलांत तो परतला. त्याची नौका सुमारें चाळीस वर्षांची जुनी आल्बिन वेगा होती. ती जात बांधणें १९७९ मध्येंच बंद पडलें होतें. बांधणाऱ्यांचे हात थांबून तीस वर्षें लोटली तरी त्यांचें काम बर्फांतून आणि वादळांतून वाट काढीत होतें.

सांचा सर्वांना मिळतो. राळ आणि कांच बाजारांत विकत मिळते. या इतिहासांत टिकून राहिला तो असा कारखाना, कीं ज्यानें नवा पदार्थ वेळेवर स्वीकारला, पण त्याच्या भरंवशावर जुनें कसब मोडीत काढलें नाही. दर वर्षी ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस ओरुस्टवरील नौका-कारखान्यांचीं दारें लोकांकरितां खुलीं होतात, आणि दूरदूरचे लोक नवीन नौका पाहावयास तेथें जमतात. धक्क्यावर नव्या नौकेशेजारीं एखादी रास्मुस किंवा मोन्सुन उभी असली, तर तिच्या आंत शिरून लांकडाच्या कडेवरून बोट फिरविणाऱ्यास ती कधीं बांधली होती हें विचारावें लागतें. नुसतें पाहून तें ओळखूं येत नाही.